ताईची मूठ

ताईचा आवाज गेला हे आमच्या इमारतीत सगळ्यांत शेवटी मला कळलं, आणि राहतो मी तिच्याच घरात.

त्याला कारण आहे. मी उभं आयुष्य बॉयलरच्या कारखान्यात काढलं. पत्रे जोडायचे खिळे, म्हणजे रिवेट, मारताना एक जण बाहेरून घण घालतो आणि एक जण ड्रमच्या आत बसून रिवेटच्या डोक्याला लोखंडी ठोकळा दाबून धरतो. आतला मी. चाळिशी उलटायच्या आत कान गेले. तेव्हापासून घरात एक रीत पडली. मी असं विचारायचं, की ताईला नुसती मान हलवून उत्तर देता यावं. "काय करतेस?" असं नाही, "पेपर तपासतेस का?" असं. वर्षानुवर्षं आमचं त्यावर भागलं.

ताई माझ्याहून मोठी. आई लवकर गेली, मग तिनंच मला वाढवलं. लग्न केलं नाही. रस्त्यापलीकडच्या शाळेत ती शेवटच्या वर्गाला विज्ञान शिकवायची. शिकवायची म्हणजे उभं राहून, घसा ताणून. मागच्या बाकावरच्या झोपाळूलाही ऐकू गेलं पाहिजे, हा तिचा हट्ट. खुर्ची तिच्या वर्गात फक्त खडू ठेवायला असायची.

त्या उन्हाळ्यात तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली होती. डॉक्टर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. "बरी आहेस ना?" मी विचारलं. तिनं मान हलवली, हो. मी तेवढ्यावर राहिलो. शाळा सुरू झाल्यावर ती गळ्याला रुमाल बांधून कामावर गेली.

मला सांगितलं ते वरच्या मजल्यावरच्या मुलीनं. ती ताईच्याच वर्गात होती. सगळे तिला पोपट म्हणायचे, कारण तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. माझ्याशी बोलायचं तर कानाशी येऊन ओरडावं लागतं. तिला ते जड नव्हतं.

"काका, बाईंचा आवाज गेलाय! कायमचा!"

"घसा बसलाय तिचा."

"ते बाहेर सांगायला! हेडसरांना खरं कळलं तर बाईंचा वर्ग काढून घेतील. तुम्हाला घरात राहून कळलं नाही?"

"मला कुठं ऐकू येतंय?"

"गेलेला आवाज ऐकायला कान कशाला लागतात, काका?"

संध्याकाळी मी ताईला विचारलं, "आवाज गेला का?" हो. "परत येणार का?" तिनं गळ्याचा रुमाल सोडून ठेवला. मग, नाही. "शाळेत सांगणार आहेस का?" नाही. ही मान जोरात हलली. निवृत्तीआधीचा हा तिचा शेवटचा वर्ग. त्या पोरांना वार्षिक परीक्षेपर्यंत आपल्या हातानं न्यायचं, एवढंच तिला हवं होतं.

आवाज अगदीच नव्हता असं नाही. फुंकर मारल्यासारखे शब्द निघायचे. पण एका वाक्यासाठी मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. मी वजनं उचललेली आहेत. कुणाला किती जोर लागतोय ते मला बघून कळतं. तासभर तसं बोलणं कुणालाच जमलं नसतं.

तेव्हा तिनं आमच्या घरची रीत वर्गात नेली.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिनं तुकडे जमवले. तांब्याची तार, लोखंडी खिळा, जुन्या सेलचं जस्ताचं कवच, त्यातलीच कार्बनची कांडी, गंधकाचा खडा, शिशाचा गोळा. वर्गाकडे पाठ करून एक तुकडा मुठीत घ्यायचा आणि मूठ वर धरायची. मुलांनी प्रश्न विचारायचे, ताईनं मान हलवायची. वर्गाच्या दोन बाजू. जी आधी मूलद्रव्य ओळखेल तिला गुण. वायू असला तर मूठ रिकामी. पण ती रिकामी आहे हेसुद्धा विचारूनच काढायचं.

पोपट घरी येऊन तो खेळ माझ्या कानात ओरडायची.

"धातू आहे का? नाही. वीज जाते का? हो! सांगा, काका!"

"मला काय ठाऊक."

"कार्बन! बरं, आता हे. वायू आहे का? हो. त्यानं फुगा वर जातो का? हो. पेटतो का? नाही."

"हायड्रोजन."

"अहो, तो पेटतो! हेलियम! तुमची बाजू हरली. तुम्ही कायम मागच्या बाकावर."

हेडसर फिरतीवर आले की दाराजवळचं पोर खोकायचं. पोपट उठून मोठ्यानं धडा वाचायला लागायची आणि ताई खडू घेऊन फळ्याकडे वळायची. सगळा वर्ग कटात सामील. ज्यांचा हात जन्मात वर झाला नव्हता ती पोरं प्रश्नासाठी भांडायला लागली. ताई घरी यायची ती दमून, पण दिवे लागले की डबा उघडून उद्याचे तुकडे निवडत बसायची.

"जमतंय का?" हो.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणालो. ती हसली. फक्त खांदे हलले.

मग सहामाही परीक्षा झाली. ताई खिडकीशी पेपर तपासत होती, मी समोर बसून बादलीची कडी बसवत होतो. पहिल्या पानावर तिचा हात भराभर चालत होता. वर्णनावरून मूलद्रव्य ओळखायचं होतं आणि एकूण एक पोरांना ते आलं होतं. दुसऱ्या पानावर हात थांबला. तिनं पुढचा पेपर घेतला, त्यापुढचा घेतला. मग एक माझ्याकडे सरकवला. पोपटाचा होता. प्रश्न: सोडियम रॉकेलमध्ये का ठेवतात? उत्तर: कारण ते सोडियम आहे.

दुसऱ्या एका पोरानं तिथं नुसतं लिहिलं होतं, 'हो'.

मी हसलो. ताई हसली नाही.

आवाज होता तेव्हा पोरं तिला 'का, का' करून भंडावून सोडायची. ती सांगून सांगून घसा बसवून घरी यायची, गरम पाणी प्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायची. आता कुणी 'का' विचारत नव्हतं. त्याचं उत्तर मान हलवून देता येत नाही, हे पोरांनी ओळखलं होतं. बाईंना त्रास नको म्हणून त्यांनी तो प्रश्नच सोडून दिला होता. गुणी पोरं.

"फळ्यावर लिहून भागणार नाही का?" नाही. ते तिनं करून पाहिलं होतं. पोरं उतरवून घेत होती, विचारत नव्हती.

"वार्षिकला अजून वेळ आहे ना?" तिनं पेपर नीट रचले, दोरी बांधली.

आमच्याकडे बॉयलर तयार झाला की आत पाणी भरून दाब द्यायचे. एका रिवेटशी थेंब दिसला तरी मुकादम सगळा बॉयलर परत पाठवायचा. बाकीचे किती चांगले बसलेत ते विचारायचा नाही. आम्ही त्याला शिव्या घालायचो, पण चूक त्याची नसायची.

दुसऱ्या दिवशी ताई आपणहून हेडसरांच्या खोलीत गेली. तिला कुणी पकडलं नव्हतं. वर्ग दुसऱ्या बाईंना मिळाला. ताईला पुस्तकांच्या खोलीत बसवलं, फाटलेली पानं चिकटवायला.

संध्याकाळी पोपट आली. रोज माझ्यासाठी ओरडायची, आज ताईवर ओरडत होती, म्हणून मलाही ऐकू आलं. "आम्ही एवढं लपवलं, आणि तुम्हीच जाऊन सांगितलंत? आमचं काय चुकलं, बाई?" ताईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीनं तो झटकला आणि जिना चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. नव्या बाईंचा आवाज खडा आहे, असं म्हणतात.

डबा फळीवर पडून आहे. शिशाच्या गोळ्यावर राखाडी साय धरली आहे. घरात पुन्हा आम्ही दोघं, माझे प्रश्न आणि तिची मान.

एकदा मात्र माझ्याकडून रीत मोडली. जेवणं झाली होती. ताई ओटा पुसत होती आणि मी बोलून गेलो, "का गेलीस सांगायला? वर्ष तर निघालं असतं."

तिनं फडकं खाली ठेवलं. हात कोरडे केले. माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी आली आणि बोलायला लागली. मला कानावर ऊन वाफ जाणवत होती, बाकी काही नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. वाक्य लांब होतं. मध्ये दम तुटला, ती थांबली, पुन्हा बोलू लागली.

"हो, हो, कळलं," मी म्हणालो. "बस आता."

ताईनं मान हलवली. नाही. पाण्याचा एक घोट घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.