क्लॅरिनेटवादकाचे नाव

१९६८, एका गाण्याची तबकडी. १९८५, त्याच गाण्याची कॅसेट. दोन्हींच्या वेष्टनावर क्लॅरिनेटवादकाचे नाव नाही. जबाबदार तिघे: तबकडी काढणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक, संगीतकार आणि साक्षीदार असूनही गप्प राहिलेला मी.

नागपूरच्या सीताबर्डीत घेतलेली कॅसेट परवा लावली आणि दुसऱ्या कडव्यात टाचेचा दबका ठोका ऐकू आला. ध्वनिमुद्रणाची मे महिन्यातली ती दुपार, आवाज नको म्हणून बंद केलेले पंखे आणि घामाने भिजलेले श्रावणजी आठवले. उमरेडचे हे विणकर क्लॅरिनेट वाजवतानाही हातमागाची पावडी दाबावी तसा डावा पाय आपटत. ध्वनिमुद्रकाने त्यांच्या पायाखाली सतरंजीची घडी सरकवली, तरी ठोका उमटलाच.

मी तेव्हा नवा वकील, ध्वनिमुद्रण पाहायला आलेला. "नाव छापण्याचे लेखी घ्या," असे मी त्यांना सुचवले.

"वकीलसाहेब, काहून घाबरून राहिले? माहा पाय उमरेडात सारेच ओळखतात."

सारे हसले, मीही हसलो. ते हसणे आज मला माझा अपराध वाटतो.

श्रावणजी आता नाहीत. काल उमरेडला जाऊन त्यांच्या पत्नीला ती कॅसेट ऐकवली. ठोका येताच त्या म्हणाल्या, "हे तेच व्हय. मंग नाव काहून नाही छापलं?"

व्यवस्थापकांनी त्यांना उत्तर द्यावे. खासगी पत्राने नव्हे, वर्तमानपत्रातून, सर्वांसमक्ष.