आजारी मादीची अंडी

डासांवर काम करतो म्हटलं की लोक आधी हसतात, आणि मग आपापल्या सोसायटीच्या गटारांची तक्रार सांगत बसतात. आमच्या ठाण्यातल्या छोट्या लॅबमध्ये किस्से असेच जमत गेले. आम्ही तिघं: सर, सविताताई आणि मी. व्हायरस शिरल्यावर डासांच्या मेटिंगवर, अंड्यांवर काय परिणाम होतो, ते आम्ही बघतो.

*

कोपरीला मुलगी बघायला गेलेलो. तिच्या वडिलांनी विचारलं, "नोकरी परमनंट?"

"नाही, अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट."

"म्हणजे डास परमनंट आणि तुम्ही टेम्पररी!"

चहा आला. पोहे आलेच नाहीत!

*

घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये अळ्या गोळा करायला गेलो. बाविसाव्या मजल्यावरच्या बाई दारातच म्हणाल्या, "आमच्याकडे डास नाहीत. ते कामवाल्या बायका खालून आणतात."

त्यांच्याच हॉलमध्ये काचेच्या भांड्यात बांबूचं रोप. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मी दाखवल्या.

"शक्यच नाही. हे इम्पोर्टेड आहे!"

*

एकदा एक बडे पाहुणे लॅब बघायला आले. सर समजावत होते, "नर चावत नाही. पण संसर्ग झालेला नर मेटिंगमधून मादीला व्हायरस देऊ शकतो."

पाहुणे चकित. "अरे! म्हणजे देणारा नर आणि बदनाम मादी?"

सविताताई शेजारी ट्रे धूत होत्या. "साहेब, यात नवीन काय सापडलं?"

*

सविताताई डोंबिवलीच्या. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांना दिवस राहिले. चौथ्या महिन्यात डेंग्यू झाला. शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात पाणी साचलेलं, बिल्डिंगमधले पाच-सहा जण आजारी पडलेले. ताप उतरला, पण बाळ राहिलं नाही.

मी हॉस्पिटलमध्ये डबा घेऊन गेलेलो. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दिवसभर डासांत हात घालणारीच्या पोटी काय टिकणार!" ताई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. मी डबा स्टुलावर ठेवला आणि बाहेर आलो.

तीन आठवड्यांनी त्या कामावर आल्या. सर म्हणाले, "अजून थोडं घरी थांबायचं ना."

"घरी नको, सर."

मायक्रोस्कोपखाली त्या दोन दिवस अंडी मोजत होत्या. आकडे बघून सर खूश झाले. "एकदम क्लिअर! संसर्ग झालेल्या माद्यांची अंडी कमी. लिहून टाका रिपोर्टमध्ये."

"लिहिते." ताईंनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही. "आणि सर, त्यांच्या सासवा काय म्हणाल्या, तेही लिहू?"