मान शाबूत, महालक्ष्म्या धारला

चहा घ्या आधी, आणि हसणार नाही असं कबूल करा. आमच्या घरातल्या महालक्ष्म्या मी माझ्या हातानं जावेच्या घरी पोचवल्या. कशापायी? तर या मानेपायी.

मला संधिवात झाला तेव्हा लेक अजून शाळेत होती. इंदूरच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच दोन-तीन औषधं एकदम चालू केली, वर सारख्या रक्ताच्या तपासण्या. धाकटी जाऊ सुलभा धारला असते. तेव्हापासून भेटेल तेव्हा तिचं एकच पालुपद, "वहिनी, एवढी कडक औषधं नका घेऊ. हाडं पोकळ होतील." मी भीक घातली नाही. गोळ्या घेत राहिले आणि बोटं सरळ राहिली.

यंदा श्रावणात पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, "आंटीजी, पहले गर्दन का एक्स-रे. इस बीमारी में गर्दन की हड्डी ढीली पड़ जाती है, बेहोश करने से पहले देखना पड़ता है."

झालं. पुढचं माझ्या कानात शिरलंच नाही.

डोळ्यांसमोर आली आमची कन्नौदची मावशी. तिलाही हाच आजार, आणि औषध म्हणून नुसतं तेल चोळलेलं. शेवटी गळ्यात पट्टा, पुढ्यातल्या ताटातलं वरण दिसायचं नाही तिला. मी ठरवून टाकलं, सुलभा म्हणाली तेच खरं, गोळ्यांनीच माझी मान खाल्ली. मावशीनं तर गोळी कधी तोंडात घातली नव्हती, हे तेव्हा सुचायला नको?

एक्स-रेवाला म्हणाला, "माताजी, ठोड़ी छाती से लगाओ." हनुवटी लावली. "अब ऊपर देखो." पाहिलं. तो पुढे काही बोलला नाही, तेवढं मला पुरलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता.

देवासला घरी परतताना गाडीतच मी ह्यांना म्हटलं, "महालक्ष्म्या तोंडावर आल्यात. गळ्यात पट्टा बांधून मी त्यांना साड्या कशा नेसवणार? सुलभाकडे देऊन येऊ."

"अगं, रिपोर्ट तर येऊ दे."

"रिपोर्ट काय सांगणार? मान माझी आहे ना?"

आमच्याकडची रीत कडक. ओटी भरून मुखवटे एकदा दुसऱ्या घरी दिले की परत आणायचे नाहीत. तरी मी सकाळी उठून पितळी मुखवटे घासले, धार गाठलं, सुलभाची ओटी भरली आणि तिच्या गळ्यात पडून रडले. तीही रडली. तिचं जरा लवकर आटोपलं.

परतताना इंदूरला रिपोर्ट घेतला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "गर्दन तो एकदम बढ़िया है. शुरू में ही जमकर इलाज लिया ना आपने, उसी का फायदा है. इतने साल बाद भी हड्डी जगह से हिली नहीं."

हे खिडकीबाहेर बघत राहिले. मी तिथूनच फोन लावला.

"सुलभा, मान चांगली निघाली गं."

"बघा, देवी पावली. मुखवटे इकडे आले आणि लगेच गुण आला."

"ते मुखवटे…"

"आता बसल्या की त्या इथे, वहिनी. रीत तुम्हीच तर सांगितलीत."

एवढी वर्षं मळमळ सोसून गोळ्या मी गिळल्या, आणि गुण कुणाचा, तर हिच्या घराचा. असा संताप आला म्हणून सांगू, आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

खडे काढून झाले. भाद्रपदात धारला गेले, जाणार नाही तर काय करणार? महालक्ष्म्यांच्या निऱ्या वरखाली झाल्या होत्या. जीव तुटला, पण बोलले नाही. सुलभा मात्र सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "वहिनी, सावकाश वाका हं. मानेला जपा."

वाकले. कपाळ पाटाला टेकलं, तशीच सरळ वर आले. कुठे काही दुखलं नाही. निदान एक कळ तरी यायची होती हो.