पाहुणे आहेत

आमच्या वहिनी कुणाचाही आवाज काढायच्या. नुसता घसा बदलून नव्हे. एखादी बाई बोलताना मान जशी हलवायची, ती लकब आधी वहिनींच्या मानेत यायची, मग ओठांना तशीच मुरड पडायची आणि त्यानंतर शब्द यायचे. कानडी, मराठी, हिंदी, त्यांना कुठलीही भाषा चालायची. लग्न होऊन हुबळीच्या बाजारात, दुर्गदबैलच्या आमच्या घरी आल्या आणि आठवड्याभरात त्यांनी खालचा हातगाडीवाला उचलला. आमच्या कापडाच्या दुकानापुढं गर्दीतून वाट मागताना तो जसा ओरडायचा, तसं त्या माजघरात ओरडल्या. आमचे वडील, म्हणजे अप्पा, दारातून आत येत होते. ते सवयीनं बाजूला सरकून भिंतीला चिकटले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि स्वतःशीच हसत पाटावर बसले. अप्पांना असं हसताना मी त्याआधी फारसं पाहिलेलं नव्हतं.

अण्णा, माझा मोठा भाऊ, दुकानात कधी रमला नाही. गिऱ्हाईक ठाण उलगडायला सांगू लागलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. अप्पा गेल्यावर त्यानं कलघटगीच्या पुढची आमची जमीन करायला घेतली. खत-औषध काही वापरायचं नाही, गाई पाळायच्या, शेणाचा गॅस करायचा, जुन्या वाणाचं भात लावायचं, आणि हे सगळं बघायला शहरातल्या माणसांना चार दिवस राहायला बोलवायचं, असं त्यानं ठरवलं. मातीच्या भिंती आणि मंगळुरी कौलं घालून पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या. वहिनी तेव्हा हुबळीत बालवाडीच्या बाई होत्या. नोकरी सोडायची हेही अण्णानंच ठरवलं. त्याबद्दल मी एकदा विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, “विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं की, भावजी. विचारलंच नाही, म्हणून ते हो माझ्यापाशीच राहिलं.”

अण्णाबद्दल खोटं बोलायचं नाही. पाहुण्यांचं तो मनापासून करायचा. शेतावर फिरवताना माती उचलून त्यांच्या तळहातावर ठेवायचा, वास घ्यायला लावायचा. “आमच्याकडं काही वाया जात नाही,” असं म्हणत भाजीच्या देठापासून गोमूत्रापर्यंत सगळ्याचा हिशेब त्यांना समजावून द्यायचा. पुण्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना खोकला लागला तेव्हा त्यांच्या उशाशी बसून त्यानं काढा पाजला होता. बंगळूरचे लोक जाताना त्याचे हात हातात धरून उभे राहायचे. मी दुकानातून चादरी, पडदे, टॉवेल घेऊन महिन्यातून एक-दोनदा जायचो तेव्हा तेही मला सांगायचे की तुमचे भाऊ म्हणजे देवमाणूस आहेत. मला अभिमान वाटायचा.

स्वयंपाकघराच्या मागे भांडी घासायचा दगड होता. वहिनींचे आवाज आता त्या दगडावर निघायचे. समोर त्यांची मुलगी शुभा, कधी मी, आणि हाताखालची गावातली बाई एवढेच ऐकणारे. गाईशी इंग्रजीत बोलणाऱ्या बाई, वांगं तोडताना वांग्याची माफी मागणारी मुलगी, इथली शांतता किती चांगली आहे हे फोनवर सांगता यावं म्हणून रेंज शोधत पाण्याच्या टाकीवर चढलेला गृहस्थ, ही सगळी माणसं तिथं पुन्हा एकदा यायची. आम्ही तोंडात पदर आणि रुमाल कोंबून हसायचो, कारण पाहुण्यांच्या खोल्या लांब नव्हत्या. वहिनींच्या हाताला सबंध दिवस उसंत नसायची. पहाटेपासून ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, ताक, आणि दर पंगतीला तोंडभर हसणं. “दिवसभर त्यांचं आत घेते,” त्या म्हणायच्या. “संध्याकाळी बाहेर काढलं नाही तर झोप कुठली यायला?”

त्यांची आई हुबळी-धारवाडच्या मधे रायापूरला असायची, वहिनींच्या विधवा बहिणीजवळ. आई गेली त्या दिवशी मी हुबळीहून लगेच पोचलो. वहिनी पोचल्या तेव्हा सगळं आटोपून माणसं परतली होती. बहीण दारातच त्यांच्या गळ्यात पडली, पण वहिनी रडल्या नाहीत. आईच्या रिकाम्या खाटेकडं बघत उभ्या राहिल्या. अण्णा मला म्हणाला की सकाळची बस चुकली. कलघटगीच्या बसचं कधीच काही सांगता येत नाही, त्यामुळं मी ते धरून चाललो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक गोष्ट झाली. दरवर्षी येणाऱ्या बंगळूरच्या एक बाई गरम पाणी मागायला मागच्या दाराशी आल्या आणि वहिनी त्यांचीच नक्कल करत असताना नेमक्या समोर उभ्या राहिल्या. शुभाचा चेहरा पांढरा पडला. पण त्या बाई रागावल्या नाहीत. खळखळून हसल्या आणि अंगणात जाऊन सगळ्यांना सांगितलं की आतमध्ये केवढी कलाकार लपवून ठेवलीय. अण्णालाही ती कल्पना पटली. रोज दिवेलागणीनंतर अंगणात सतरंजी पडू लागली. आधी अण्णाचं मातीवरचं बोलणं, मग वहिनींच्या नकला.

वहिनींनी नको म्हटलं होतं. मी तिथं होतो. त्या म्हणाल्या, “तेवढं एक माझं आहे, ते राहू द्या.” अण्णा म्हणाला की पाहुण्यांना आवडतंय आणि त्यात वाईट काय आहे. मग त्या अंगणात कोंबडा, म्हैस, हुबळी-धारवाड बसचा कंडक्टर, हातगाडीवाला असं करू लागल्या. पाहुण्यांची नक्कल अर्थातच बंद. लोक फोनवर चित्रण करायचे, टाळ्या वाजवायचे, आणखी एक करा म्हणायचे. मागचा दगड मुका झाला. मी एकदा तिथं बसून उगाच म्हटलं की त्या गाईवाल्या बाई परत आल्यात. वहिनी भांडं विसळत म्हणाल्या, “आल्यात होय,” आणि पुढचं भांडं घेतलं.

दसऱ्याच्या सुट्टीत तिन्ही खोल्या भरल्या होत्या, त्या बंगळूरच्या बाईही परत आल्या होत्या. मी नव्या चादरी घेऊन गेलो होतो आणि मुक्कामाला राहिलो. वहिनींच्या अंगात ताप होता. डोळे लाल झाले होते, पण भाकरी थापणं चालू होतं. संध्याकाळी सतरंजी पडली. कंडक्टर झाला, म्हैस झाली. मग पुण्याचा एक तरुण म्हणाला, आता आमच्या यजमानांचा आवाज काढा. सगळ्यांनी उचलून धरलं. अण्णाही हसत म्हणाला, “काढ की. मला तरी कळू दे मी कसा बोलतो.”

वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी खाली वाकून माती उचलली, डोळे मिटून वास घेतला आणि अण्णाच्या आवाजात म्हणाल्या, “आमच्याकडं काही वाया जात नाही.” अंगणात हशा उसळला. अण्णा सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग वहिनींनी माती झटकली, पाठ थोडी वळवली, आणि एका बाईच्या आवाजात म्हणाल्या, “अंगात ताप आहे. आज भाकरी हाताखालच्या बाईला करू दे काय?” तो आवाज कुणाचा हे मला क्षणभर कळलं नाही. तो त्यांचा स्वतःचा होता. त्यांना त्यांचीच नक्कल करताना मी पहिल्यांदा बघत होतो.

लगेच वहिनींच्या तोंडून अण्णाचा आवाज आला. अंगणातला मोठा आवाज नव्हे. न बघता, दारातून जाता जाता टाकलेला, खालच्या पट्टीतला. “पाहुणे आहेत.”

लोक हसले. “शुभाच्या शाळेत बोलावलंय, जाऊन येते.” “पाहुणे आहेत.” आणखी हसले. पुढच्या वेळी उत्तर यायच्या आधीच दोघा-तिघांनी ते “पाहुणे आहेत” एका सुरात म्हटलं, एखाद्या खेळासारखं. वहिनी थांबल्या. लोकांचं हसणं संपेपर्यंत थांबल्या. मग त्याच बारीक आवाजात म्हणाल्या, “रायापूरचा फोन आलाय. आईचं काही खरं नाही म्हणते. पहिल्या बसनं जाते मी.”

चित्रण करणारे दोन-तीन फोन खाली आले.

“पाहुणे आहेत,” वहिनी अण्णाच्या आवाजात म्हणाल्या. “नाष्टा करून दे आणि जा.”

एकानं सवयीनं टाळी वाजवली आणि हात तसाच धरून ठेवला. त्या बंगळूरच्या बाई मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होत्या. मी अण्णाकडं पाहिलं. तो उठला आणि नेहमीच्या मोकळ्या आवाजात सगळ्यांना म्हणाला की उद्या पहाटे तळ्यावर पक्षी बघायला जायचंय, लवकर झोपा. त्याच्या आवाजात किंचितही फरक नव्हता. नंतर स्वयंपाकघराच्या दारात आला. वहिनी उरलेलं ताक झाकून ठेवत होत्या. “पाहुण्यांसमोर,” एवढा एकच शब्द तो बोलला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी नाष्टा केला, दुपारचं जेवण केलं. सुट्टी संपत आली होती, त्यामुळं पाहुणे एकेक करून निघाले. प्रत्येकाच्या हातात त्यांनी चटणीची पुडी दिली. शेवटची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर त्यांनी हात धुतले, एक पिशवी घेतली आणि मला रायापूरला सोडा म्हणाल्या. हुबळी मागं पडल्यावर एवढंच म्हणाल्या, “मधेच निघाले असते तर त्यांच्या जेवणाचे हाल झाले असते.” ज्या घरातून कायमची निघाली होती, तिथल्या पंगतीची काळजी करणारी ती बाई बघून माझं स्टिअरिंगवरचं लक्ष उडालं.

अण्णा त्यांना आणायला गेला नाही. मी त्याच्याशी बोललो. तो रागावलेला नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हतं. मी तिला कधी मारलं का, दारू पिऊन आलो का, असं मलाच विचारू लागला. इतकी माणसं जेवून तृप्त होऊन जात होती त्यात तिचंच नाव होत नव्हतं का, असंही म्हणाला. आईच्या दिवसाचा विषय मी काढला तेव्हा तो म्हणाला, “आई त्या दिवशी जाईल हे मला काय ठाऊक?” गावातल्या दोन बायका त्यानं स्वयंपाकाला लावल्या. पाहुण्यांना तो सांगतो की ती माहेरी गेलीय.

रायापूरला बहिणीचा भाकरी-चटणी करून विकायचा धंदा आहे. वहिनी त्यात उभ्या राहिल्या. शुभाही धारवाडच्या कॉलेजमुळं तिथंच राहू लागली. मी गेलो तेव्हा वहिनी चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, तिथंही भाकरी आणि इथंही भाकरीच की. त्या म्हणाल्या, “इथं भाकरी बांधून दिली की झालं. तिच्याबरोबर हसून द्यावं लागत नाही.” मी त्यांना हातगाडीवाल्याचा आवाज काढायची गळ घातली. त्यांनी खरंच प्रयत्न केला. मान थोडी हलली, पण पुढं काही आलं नाही. पाण्याचा घोट घेऊन म्हणाल्या की आता जमत नाही, आणि दुकान कसं चाललंय ते विचारू लागल्या.

यंदा शुभाचा साखरपुडा झाला. अण्णानं तो शेतावरच करायचा हट्ट धरला आणि वहिनींनी मुलीसाठी मान्य केलं. मीच त्यांना आणि त्यांच्या बहिणीला दुकानाच्या गाडीतून घेऊन गेलो. अण्णा फाटकापाशी उभा होता. त्यानं वहिनींच्या हातातली पिशवी घेतली, पाय धुवायला पाणी दिलं, वाटेत त्रास झाला नाही ना म्हणून विचारलं. आंब्याच्या सावलीत खुर्ची ओढली. जेवायच्या वेळी स्वतः वाढायला आला आणि भाकरी कडक आवडते की मऊ, असं त्यानं विचारलं. वहिनींनी वर पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण मला टोचली ती त्याहून वेगळीच गोष्ट. त्या विचारण्यात नाटक नव्हतं. तो मनापासून विचारत होता. “मऊ,” वहिनी म्हणाल्या. तो आत जाऊन तव्यावरची भाकरी घेऊन आला आणि त्यांनी घास घेईपर्यंत शेजारी उभा राहिला.

निघताना तो गाडीपर्यंत पोचवायला आला. दार लावून घेतलं आणि हात जोडून म्हणाला, “या पुन्हा.” वहिनींनीही हात जोडले.

कलघटगी ओलांडेपर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. बहिणीला मागं डुलकी लागली होती. मग वहिनी म्हणाल्या, “भावजी, लोक सांगायचे ते खोटं नव्हतं हो. पाहुण्यांचं फार छान करतात तुमचे अण्णा.”

मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. तो असता तर मला बरं वाटलं असतं.