फाटकाबाहेरच्या माझ्या चार कुंड्या

बाळांनो, तुमच्या आजोबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दीड महिना झाला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज बाहेर चाला, नाहीतर पाय आखडेल. म्हणून एका संध्याकाळी साडेपाचला आम्ही प्रथमच फुटपाथवर निघालो. पुढे ते वॉकर घेऊन, मागे मी.

शेजारच्या दातांच्या दवाखान्यासमोर एक गाडी पूर्ण वर चढवलेली. मालक आत बसून मोबाईल बघत होता. मी काच वाजवली.

"पाचच मिनिटं, आजी."

"तोवर यांनी एका पायावर उभं राहायचं?"

"इथं सगळेच लावतात. तिकडं त्या कुंड्या कुणी मांडल्यात? त्यांना बोला की!"

"बोल की त्यांना," तुमचे आजोबा हसत मला म्हणाले.

कुंड्या माझ्याच होत्या. आमच्या भिंतीलगत गाड्या लागू नयेत म्हणून मीच सिमेंटच्या चार कुंड्या ओळीत ठेवून त्यांवर पांढऱ्या रंगानं 'नो पार्किंग' लिहिलं होतं. मी फाटकातूनच रिक्षात बसणारी. तिथून कधी चालले नव्हते.

गाडी हलेना, तेव्हा आम्ही उलट वळलो. भिंत आणि कुंडी यांच्यामध्ये वॉकर अडकला. "उतरतो खाली," ते म्हणाले. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय. दुसरा पाय अजून वरच होता, तोच मागून बसचा हॉर्न आला. त्यांना वरही येता येईना, खालीही जाता येईना. मी रस्त्यात उतरले आणि दोन्ही हात वर केले. बस माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"ओ आजी, रस्त्यावर कशाला आणलं त्यांना?" ड्रायव्हर ओरडला. "फुटपाथ हाय ना तिथं!"

घरी आल्यावर त्यांनी वॉकर भिंतीला टेकवून ठेवला. "उद्यापासून घरातच चालेन," ते म्हणाले. घरात चालणं म्हणजे पलंग ते खुर्ची, हे मला ठाऊक होतं. अंधार पडण्याआधी मी चारही कुंड्या तिरक्या करून, गरगर फिरवत अंगणात आणल्या.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्या मोकळ्या जागी एक पांढरी गाडी. त्यांनी बघितलं आणि वॉकर माघारी वळवला.

"थांबा," मी म्हटलं. दवाखान्याच्या पायऱ्या चढले आणि दारातूनच मोठ्यानं विचारलं, "पांढरी गाडी कुणाची?"

गालात कापूस धरलेल्या एक बाई किल्ली घेऊन उठल्या. त्यांनी मान हलवली आणि खाली येऊन गाडी काढली. त्या दिवशी तुमचे आजोबा कोपऱ्यापर्यंत चालले.