हलव्याचा संप

धोंडीराम गिरणीत कापड विणायचे दोन साचे चालवायचा आणि उरलेल्या वेळात मालकाला चालवायला बघायचा. साचे गुमान चालायचे. मालक चालायचा नाही.

शाळा त्याने तिसरीत सोडली होती. वाचायला तो खरा शिकला तो गिरणीच्या फाटकावरच्या नोटिशींवर, त्यामुळे त्याच्या वाचनातले पहिले शब्द 'दंड', 'खाडा' आणि 'बडतर्फ' हे. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर नसायचा, शेंड्याच्याही दोन बोटं पुढे असायचा. मुकादम समोरून येताना दिसला की तो रागाला आधी पाठवून मग आपण जायचा. गेल्या साली सोलापुरात संप झाला तेव्हा मैदानात उभा राहून तो असा गरजला होता, की भाषण संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या म्हशीने दावं तोडलं. त्याच्या खांद्यावर बसून थोरल्या लेकीनं, महानंदानं, ते सगळं भाषण ऐकलं होतं. पोरगी नऊ वर्षांची, पण कान तिचे चाळीस वर्षांचे.

होटगीला राहणाऱ्या रंभाबाईंचं, म्हणजे त्याच्या सासूचं, मत निराळं होतं. नवरा रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला असल्याने रंभाबाई कुणाला रुळावरचा आणि कुणाला घसरलेला म्हणायचं हे जाणून होत्या. "भाषण करणारा जावई आन् आरवणारा कोंबडा," त्या म्हणायच्या, "दोगंबी पहाटं बरं वाटतात. दिवसभर ताप."

यंदा संक्रांतीला धाकट्या नंदूचं बोरन्हाण होतं. नंदू बसायला लागला होता, दोन दात आले होते आणि हाताला लागेल ते त्या दोन दातांत घालून बघत होता. धोंडीरामाच्या बायकोनं, यशोदानं, त्याच्यासाठी काळं अंगडं शिवलं आणि आठवडाभर शेगडीपुढे बसून हलवा केला. मंद आच, परातीत तीळ, वरून पाकाचा एकेक चमचा आणि बोटांनी सारखं हलवणं. आच वाढली की पाक करपतो, हात थांबला की दाण्याला दाणा चिकटतो. शेवटी दाण्यादाण्यावर पांढरे काटे फुलले तेव्हा तिनं परात सगळ्या चाळीला दाखवून आणली. आता त्या हलव्याचे दागिने करायचे होते. मुकुट, हार, मनगट्या, कमरपट्टा, पायातले वाळे.

भोगीच्या रात्री ती जेवता जेवता म्हणाली, "उद्या दिसभर दागिन्यांतच जानार. पाठ मोडून आलीया."

धोंडीराम भाकरी मोडत होता. तोंडातून सहज निघून गेलं, "दोऱ्यात दाणं बांदायचं, येवडंच की."

यशोदाचा घास हातातच राहिला. "येवडंच?"

"न्हायतर काय? आमी दोन साचं सांबाळतो. हजार धागं येकदम."

"बरं," ती म्हणाली. ज्या बाया भांडतात त्यांना धोंडीराम भीत नसे. जी 'बरं' म्हणते तिला भिऊन असे. "मग उद्या मी शेजारच्या काशम्मासंगं देवळाकडं जाते. वाण हाय, गड्ड्याची जत्रा बघायची हाय. गड्ड्याची सुटी गिरणीला हाय, मला कदी हाय? आई सांजच्या गाडीनं येतीया. ती यायच्या आत दागिनं तयार ठेवा. येवडंच की."

आता मागे फिरणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. त्यानं छातीवर हात मारला. "तुजी आई तोंडात बोट घालंल, असं दागिनं करतो."

मनात मात्र हिशेब झालाच. दागिने झाले नाहीत तर ही गोष्ट रंभाबाई होटगीपासून सुरू करून प्रत्येक स्टेशनावर उतरून सांगतील.

सकाळी यशोदा नवं लुगडं नेसून, सुगड घेऊन निघून गेली. धोंडीरामानं दार पुढे केलं, घोंगडी पसरली, मधोमध परात ठेवली आणि कमरेवर हात ठेवून आपल्या कामगारांकडे पाहिलं. एक महानंदा. दुसरा गोपाळ, वय वर्षं सहा, नाक वाहतं. तिसरा नंदू, त्याला खांबाला बांधून ठेवलं होतं.

"महे, तू गाठी मारायच्या. गोपाळ, तू चांगलं दाणं निवडून द्यायचं. मी दागिनं जोडनार."

"आन् काठ्या कवा बगायच्या?" गोपाळानं विचारलं. सिद्धेश्वराच्या त्या उंचच उंच काठ्या मिरवत निघतात, त्या बघायला तो पहाटेपासून टोपी घालून बसला होता.

"काम झाल्यावर."

हलव्याला भोक पाडता येत नाही, पाडलं की दाणा फुटतो. दोऱ्याचा फास दाण्याच्या कमरेला टाकायचा, काट्यांमध्ये रुतवायचा आणि हलकेच आवळायचा. काटे आहेत म्हणून दोरा धरतो. धोंडीरामाच्या बोटांना गाठ नवी नव्हती. पहिली सर त्यानं अशी सुरेख बांधली की स्वतःच खूष झाला. आणि खूष झाला तिथंच बिघडलं. माणूस खूष झाला की त्याला व्यवस्था लावावीशी वाटते.

"हे बगा. कामात बोलायचं न्हाय. पानी प्यायला इचारून उटायचं. दाना तोंडात टाकायचा न्हाय. सांजच्याला सगळ्यास्नी मूठ मूठ हलवा. पन दाना फोडला, तर मुठीतला येक दाना दंड."

महानंदानं मान वर केली. "दंड?"

"दंड. त्याबिगर शिस्त येत न्हाय."

हे वाक्य आपण पूर्वी कुठंतरी ऐकलंय असं त्याला वाटून गेलं. पण हातात मुकुट होता, आठवायला सवड नव्हती.

थोड्या वेळानं दारात सिद्रामप्पा येऊन उभा राहिला. गिरणीत त्याच्याच खात्यात, शेजारच्या साच्यांवर काम करणारा, धोंडीरामाचा दोस्त. गड्ड्याला निघाला होता, अंगात धुतलेला सदरा, कपाळावर भस्म. आत पाहिलं आणि दाराला टेकूनच राहिला.

"यप्पा! घरात गिरनी काडली की रे! भोंगा कुटं हाय?"

खांबाला बांधलेल्या नंदूनं भोंगा वाजवला.

"जा की गप," धोंडीराम खेकसला. "लई काम हाय."

"जातो, मालक," असं म्हणून सिद्रामप्पा वाकून, टोपी काढून, सलाम करून गेला. 'मालक' हा शब्द धोंडीरामाच्या पाठीत काट्यासारखा रुतला. त्याचा राग निघाला गोपाळावर. गोपाळाच्या बोटांत तेव्हाच एक दाणा फुटला.

"दंड!"

"आपसूक फुटला, आप्पा!"

"आपसूक काय फुटत न्हाय. दंड." आणि धोंडीरामानं फुटका दाणा उचलून, इकडेतिकडे न बघता, आपल्या तोंडात टाकला.

महानंदाचे हात थांबले. सकाळपासून किती दाणे फुटले आणि ते कुठं गेले, हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसलं. बापाच्या गालाआड साखर वाजत होती.

"आप्पा, फुटकं दानं तुमी खाताय?"

"फुटकं... कारखान्याचं असतंय."

महानंदा उठली. दोरा खाली ठेवला. पदर नव्हता म्हणून परकराचा काठ कमरेला खोचला, मूठ वर केली आणि गोपाळाकडे, मग नंदूकडे पाहून म्हणाली, "भावांनो! आपला घाम, आपली बोटं, आन् गोड कुनाच्या तोंडात?"

शब्द थोडे बदलले होते. हातवारे मात्र धोंडीरामाचेच, बोटाबोटासकट.

"दंड बंद झाला पायजे! फुटका दाना कामगाराचा! आन् काठ्या बगायला सुटी! तवर संप!"

"संप!" गोपाळ आनंदानं ओरडला. त्याला संप म्हणजे सुटी हे पक्कं ठाऊक होतं. नंदू दोन्ही हात आपटून "ग्गं" म्हणाला. एकमतानं ठराव पास झाला.

धोंडीरामाच्या डोक्यात सणक गेली. "बसा खाली! न्हायतर काडून टाकीन येकेकाला! भाईर छप्पन पोरं उबी हाईत!"

बोलला आणि जीभ चावली. हेच वाक्य, ह्याच सुरात, गेल्या साली मुकादमानं फाटकावर त्याला ऐकवलं होतं. पण रागाचं असं असतं, की उतारावर लागलेली गाडी. ब्रेक आठवतो, पाय पोचत नाही. तो तसाच बाहेर गेला आणि काशम्माची दोन पोरं, चाळीच्या नळाशी चिखल करत बसलेली, बखोटी धरून घेऊन आला. त्यांना हात धुवायला लावून परातीपुढे बसवलं.

महानंदा उंबऱ्यावर उभी. "बदली कामगार आले! बदली परत जा!"

बदली परत गेले नाहीत. त्यांना हलवा दिसला होता. ती पोरं इतकी शांतपणे कामाला लागली की धोंडीरामानं ऐटीत महानंदाकडे बघितलं. "बग, कसं गुमान करतात!" आणि मुकुटाचं शेवटचं टोक बांधायला उजेडात, खिडकीशी जाऊन बसला.

मुकुट पुरा करून तो परत आला, हारासाठी दाणा घेतला, फास टाकला, आवळला. फास घसरला. दुसरा घेतला. घसरला. तिसरा डोळ्यापुढे धरला. गोल, गुळगुळीत, काचेच्या गोटीसारखा. एकही काटा नाही.

त्यानं पोरांकडे पाहिलं. ती खरंच काही खात नव्हती. एकेक दाणा तोंडात घालायची, मन लावून चाटायची आणि प्रामाणिकपणे परत परातीत ठेवायची.

"तुमी म्हनला खायचं न्हाय," थोरला म्हणाला. "आमी खाल्लं न्हाय."

धोंडीराम असा ओरडला, की दोघं बाण सुटल्यागत पळाली. परातीत यशोदाचा आठवडा टकला होऊन पडला होता. ऊन खिडकीतून खाली उतरलं होतं. मुकुट तेवढा झाला होता. हार नाही, मनगट्या नाहीत, कमरपट्टा नाही, आणि गाडी होटगीहून सुटायची वेळ होत आली होती.

धोंडीराम घोंगडीवर मटकन बसला. बसल्यावर तो आणि उंबऱ्यावरची महानंदा बरोबर एका उंचीला आले.

"महे, बोलनी करू."

"मागन्या ठाऊक हाईत."

"दंड बंद. फुटका दाना तुमचा. काठ्यांच्या बदल्यात उद्या दोगास्नी खांद्यावर घेऊन जत्रंत नेतो, शोभेची दारू दावतो. झालं?"

"आजून येक." ती जरा थांबली. "आजीपुडं म्हनायचं, की हे काम लई अवघड हाय, आन् आईला ते येतंय, तुमास्नी न्हाय."

"हे न्हाय जमनार!"

"मग संप चालू."

"महे, चार वेळा जत्रंत नेतो."

"संप चालू."

"अगं, मुकादमासमोर वाकलो न्हाय मी!"

"आजी मुकादम न्हाय," महानंदा म्हणाली. "आजी आजी हाय."

मालकलोकांना संप का कळत नाहीत ते धोंडीरामाला त्या दिवशी समजलं. मागणी पैशाची असली तर घासाघीस करता येते. मान मागितला की घसाच बसतो. त्यानं मुकुट हळूच बाजूला ठेवला. मग एकदाचं म्हणाला, "मंजूर. पन दागिनं कशाचं करायचं? काटं गेलं की."

ह्यावर गोपाळानं नाक पुसून बोट दाखवलं. कोपऱ्यातल्या टोपलीत बोरन्हाणासाठी आणलेला माल होता: बोरं, हरभऱ्याचे हिरवे घाटे, गाजरं, उसाची कांडकी. "ह्येला भोकं पडत्यात," तो म्हणाला.

मग जे काम झालं तसं गिरणीत कधी झालं नाही. कुणी विचारून उठत नव्हतं आणि कुणी उठतही नव्हतं. बोरांचा हार झाला, घाट्यांच्या मनगट्या झाल्या, गाजराच्या चकत्यांचा कमरपट्टा झाला. काट्याचे जेवढे दाणे वाचले होते ते महानंदानं पदकासारखे मधेमधे बांधले. फुटका दाणा ज्याचा त्याच्या तोंडात. महानंदानं बापालाही एक दिला.

यशोदा आणि रंभाबाई स्टेशनावरून बरोबरच आल्या. पाटावर नंदू बसला होता, काळं अंगडं, डोक्यावर पांढराशुभ्र मुकुट आणि बाकी अंगावर भाजीमंडई.

रंभाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "ह्ये काय?"

"नवी तऱ्हा हाय, सासूबाई," धोंडीराम उसन्या ऐटीनं म्हणाला. "म्हंजी शेतकरी पद्धत..."

महानंदा खाकरली. धोंडीरामानं तिच्याकडे पाहिलं. तिनं परकराचा काठ हळूच कमरेला खोचला.

तो उभा राहिला. मैदानातल्या सभेत फुटला नव्हता असा घाम फुटला. "सासूबाई, हे काम लई अवघड हाय. तुमच्या लेकीला येतंय. मला न्हाय."

यशोदा तिळगुळाची वाटी धरून नुसती बघत राहिली. रंभाबाईंनी परातीतला एक टकला दाणा उचलला, निरखला आणि विचारलं, "आन् ह्यो कुनी चाटला?"

"बदली कामगारांनी," गोपाळानं सांगितलं.

रंभाबाई इतक्या हसल्या की त्यांना पाटाशेजारी बसवावं लागलं. मग चाळीतली पोरं जमली, बदलीही शहाजोगपणे पुढच्या रांगेत बसले. नंदूच्या डोक्यावरून बोरं-ऊस ओतला तशी लुटालूट झाली, आणि लुटीच्या भरात पोरांनी हार आणि कमरपट्टाही लुटला. नंदूनं तोवर आपली एक मनगटी दोन दातांनी निम्मी खाऊन टाकली होती. हलव्याच्या दागिन्यांत हे सुख नाही, असं रंभाबाई म्हणाल्या, आणि बोर तोंडात टाकलं.

यशोदा धोंडीरामाजवळ आली. आवाज बारीक, पण चाळीला ऐकू जाईल इतका. "मग फुडच्या साली हलवाबी तुमीच करा. शेगडी, परात समदं देते. मी बसून बगते."

धोंडीरामानं मिशीवरून हात फिरवला. पोरांकडे पाहिलं. गोपाळ बोराच्या बिया मोजत होता, महानंदा बापाकडे टक लावून उभी होती.

"येकट्याच्यानं सांगता यायचं न्हाय," तो म्हणाला. "युनियनला इचारावं लागंल."