चालू कनेक्शन

"चालू कनेक्शनला हात लावायचा न्हाई!" असं म्हणताना चाचा ओठांवर बोट ठेवायचे. जणू वायर नुकतीच झोपली आहे आणि आपल्या आवाजानं ती जागी होईल.

तुमच्याही गल्लीत असे एखादे चाचा असतील. आमचे चाचा शिराळ्यात स्पीकर भाड्यानं द्यायचे. नागपंचमी असो, उरूस असो की लग्न, माइकवर आधी नखानं टकटक, मग "हॅलो". मोबाइल हातात आला, तेव्हा त्याच्या काचेवरही ते आधी टकटक करायचे. त्यांचा एक कर्णा आमच्या समोरच्या सलूनच्या छपरावर कायमचा बांधलेला असे.

बिनवायरीनं मोबाइलचं चित्र टीव्हीवर नेता येतं, हे गल्लीत पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं, त्याच सलूनमध्ये, क्रिकेटच्या सामन्यावेळी. तरीही मोबाइल आणि टीव्हीच्या मध्ये ते एक वायर टाकून ठेवायचे. दोन्ही टोकं मोकळी.

"चाचा, ही कशाला?"

"असू दे पोरी. यंत्राला धीर येतो."

माझ्या पदवीदानाच्या आठवड्यात आई न्हाणीत घसरली. पाय प्लास्टरमध्ये. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि ती पायरी आईनं दुसऱ्यांच्या शेतात खुरपून बांधलेली. मला पदवी घेताना डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं. विद्यापीठ समारंभ मोबाइलवर थेट दाखवणार होतं. पण मोतीबिंदूमुळे तिला त्यात माणूस की मुंगी तेच कळेना.

चाचा म्हणाले, "वैनी, मी हाय की. भिंतीएवढी पोरगी दावतो." वडिलांना घेऊन मी निर्धास्त निघाले.

पुढचं सगळं आईनं मला इतक्या वेळा सांगितलंय, की मीही तिथंच होते असं वाटतं.

चाचांनी टकटक केलं, बटण दाबलं. आमचा टीव्ही काळाच. आणि समोरच्या सलूनमधून आरोळी आली, "आवं चाचा, हिकडं उगवलंय सगळं! झगे घातलेली माणसं दिसत्यात!"

घोटाळा असा झाला होता. गल्लीत वायफाय एकच, सलूनवाल्याचं. शेजारधर्म म्हणून त्यानं आमचाही टीव्ही त्यावर जोडून दिलेला. दिवाळीत दोघांनी एकाच दुकानातून एकसारखे टीव्ही घेतलेले, त्यामुळे मोबाइलवर दोन्ही टीव्हींचं नाव सारखंच. चाचांनी यादीतलं वरचं नाव दाबलं, ते सलूनचं निघालं.

"मग बदला की भाऊ!" आई रडकुंडीला आली. "पोरीची रांग उठली असंल."

चाचांनी ओठांवर बोट ठेवलं. "चालू कनेक्शनला हात लावायचा न्हाई. चित्र तिथनं हलायचं न्हाई वैनी. तुमी हला."

"गड्यांच्या सलूनात? मी?"

"पोरगी तिथं हाय, मग आई हिथं काय करती?"

तोवर सलूनवाला आणि दोन गिऱ्हाइकं धावत आलीही, एकाच्या अर्ध्या गालावर साबण. त्यांनी आईला खुर्चीसकट उचललं आणि गल्ली ओलांडून टीव्हीसमोर नेऊन ठेवलं. आईनं पदर पुढं ओढला, नजर जमिनीवर.

सलूनवाला म्हणाला, "वैनी, हिथं बसणाऱ्यानं मान वर करायची असती."

आईनं मान वर केली. त्याच क्षणी माझं नाव पुकारलं गेलं.

समोर टीव्हीत मी, आणि दोन्ही भिंतींवरच्या आरशांतही मीच. "जिकडं बघावं तिकडं तूच, लय मोठी!" आई आजही सांगते. साबणवाल्यानं टाळ्या सुरू केल्या. चाचांनी छपरावरच्या कर्ण्याचा, सलूनमध्येच असणारा माइक उचलला, टकटक केलं आणि माझं नाव साऱ्या गल्लीला ऐकवलं. त्यामागं आईचं. मग पुन्हा एकदा आईचंच. रस्त्यावर तिचं नाव घुमताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

चाचा आता नाहीत. कर्णा मात्र सलूनवाल्यानं उतरवू दिलेला नाही. मोबाइल टीव्हीला लावताना आई अजून मध्ये मोकळी वायर टाकते.

परवा कोपऱ्यावरच्या घरातली मुलगी नर्सिंग पास झाली. आई कुणालाही न सांगता उठली, स्वतःच्या पायांनी गल्ली ओलांडून सलूनात शिरली आणि माइक मागून घेतला. नखानं टकटक केलं. मग मान वर करून म्हणाली, "हॅलो! आयका गं सगळ्याजणी!"